रेव्हरंड नारायण वामन टिळक

कोकणच्या भूमीने महाराष्ट्राला अनेक नररत्ने दिली. लोकमान्य टिळक रत्नागिरीचे, केशवसुत मालगुंडचे, महर्षी कर्वे शेरवलीचे. याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. लोकमान्यांचे व यांचे आडनाव एकच. परंतु जीवनाच्या वाटा निराळ्या. एकाने आपले आयुष्य देशाच्या स्वातंत्र्यासाठी वेचले, दुसऱ्याने ते काव्याला आणि ईश्वराच्या सेवेला वाहिले.

नारायणाचे वडील स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई मात्र मोठी प्रेमळ व भाविक होती. तिच्यामुळेच नारायणाला कवितेची गोडी लागली. परंतु तो लहान असतानाच ही माउली निवर्तली. आईवाचून घर त्याला परके वाटू लागले आणि त्या कोवळ्या वयात तो घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मुलीशी त्याचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या.

तरुणपणी टिळकांनी शिक्षकी केली, कीर्तने केली, कविता रचल्या. पण त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. देवासमोर हात जोडणारी माणसे बाहेर येताच एकमेकांना उच्चनीच लेखतात, हे त्यांना सलत असे. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, असे शिकवणाऱ्या धर्माचा ते शोध घेत होते.

१८९३ साली ते आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांच्या गोष्टी निघाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचावयास घेतला. येशू ख्रिस्ताने डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशी ते आले आणि त्यांचे मन तेथेच खिळून राहिले. वैऱ्यावरही प्रेम करावे, उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू देऊ नये, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. पुष्कळ विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले. लक्ष्मीबाईंना तर आकाश कोसळल्यासारखे झाले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहू लागल्या. पतिपत्नींची जवळजवळ पाच वर्षे अशी ताटातुटीत गेली. त्या काळात दोघांनीही अपार दुःख सोसले. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल निराळीच ठेवली होती. टिळकांनी त्यांना बळ केले नाही. श्रद्धा ही आतून उमलावी लागते, ती लादता येत नाही, हे ते जाणून होते. पतीचे आचरण लक्ष्मीबाई रोज पाहत होत्या, स्वतःही विचार करीत होत्या. हळूहळू त्यांच्या मनातील भेदभाव मावळला आणि १९०० साली त्यांनी स्वखुशीने पतीचा धर्म स्वीकारला.

टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे होते. तेथे ते धर्मशिक्षण देत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. परंतु धर्मकार्य म्हणजे केवळ उपदेश, असे त्यांनी कधी मानले नाही. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात अन्नान्न झालेली पोरकी मुले या दांपत्याने आपल्या घरी आणून सांभाळली. साथीच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेला गरजू रिकाम्या हाताने परत जात नसे. स्वतःच्या घराची ओढाताण झाली, तरी पाहुण्यांचा राबता कधी थांबला नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोंबरे नावाच्या एका कोवळ्या मुलाने सर्वांना मोहून टाकले. पुढे टिळक दांपत्याने त्याला आपल्या घरी ठेवून पोटच्या मुलासारखे प्रेम दिले. तोच मराठीतील थोर कवी बालकवी होय.

त्या काळी मराठी ख्रिस्ती मंडळी बहुधा इंग्रजीतून भाषांतरलेली भजने इंग्रजी चालींवर गात. टिळकांना हे रुचेना. ईश्वराला हाक मारावयाची ती आपल्या आईच्या भाषेत, असे त्यांचे मत होते. त्यांनी अभंग, ओव्या व पदे रचली आणि कीर्तनाची प्रथा ख्रिस्ती देवळात रुजवण्यास हातभार लावला. तुकारामांच्या अभंगांवर त्यांची निस्सीम भक्ती होती. त्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवले, असे ते मोकळ्या मनाने मानीत. फुलांवर व मुलांवर त्यांनी इतक्या गोड कविता लिहिल्या की, लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशाची वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, ख्रिस्ताच्या सर्वच भक्तांना तेथे मुक्तद्वार होते. पण हे कार्य वाढीस लागण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' या त्यांच्या महाकाव्याचे अवघे दहाएक अध्याय लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना लिहावाचावयास टिळकांनीच शिकवले होते. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र मराठीचे अमोल लेणे ठरले आहे.

मुलांनो, टिळकांना आपले धर्मकार्य करण्यासाठी दूर देशी जावे लागले नाही. भुकेल्या मुलाला घास देणे, पोरक्याला घर देणे, पत्नीला अक्षरओळख करून देणे, मतभेद असला तरी दुसऱ्याच्या मनाचा मान राखणे, यांतच त्यांना ते सापडले. आपला धर्म कोणताही असो, असे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या दाराशी रोज येऊन उभे राहते. ते ओळखता आले पाहिजे.