विश्लेषण : खिशात मावणारे पिस्तूल घडवणारे जॉन ब्राउनिंग कोण होते? त्यांची शंभर वर्षांची जुनी पिस्तुले आजही का चालतात?

प्रयागराजच्या संग्रहालयात चंद्रशेखर आझाद यांचे पिस्तूल काचेआड ठेवलेले आहे. ते अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे, .३२ बोअरचे. भगतसिंग यांच्याशी जोडलेले, पंजाबातील हुसैनीवाला येथे ठेवलेले पिस्तूलही .३२ बोअरचे कोल्टच. नाशिकमध्ये १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल मात्र बेल्जियममध्ये बनलेले होते आणि १९१४ मध्ये सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजावर रोखले गेलेलेही तिथलेच. शहरे वेगळी, हात वेगळे, कारखाने दोन. पण या सगळ्या पिस्तुलांची रचना एकाच माणसाची. त्यांचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. त्यांच्या मृत्यूला शतक होत आले, तरी त्यांची जुनी पिस्तुले अजून हातोहात विकली जातात. असे का, याचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते.

दुरुस्तीचे दुकान हीच शाळा…

ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या युटा प्रांतातील ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे आणि पेशाने बंदुका घडवणारे कारागीर. पंथाच्या लोकांबरोबर स्थलांतर करत ते युटात आले आणि तिथे त्यांनी दुकान थाटले. तीन बायका आणि २२ मुले असा त्यांचा प्रपंच होता. दुकानात नव्या बंदुका फारशा बनत नसत. शेतकरी, शिकारी आणि गाडीवान आपापल्या मोडक्या, गंजलेल्या, वापरून झिजलेल्या बंदुका घेऊन येत आणि त्या दुरुस्त करून नेत. कोपऱ्यात भंगाराचा ढीग साठलेला असे. छोटा जॉन त्या ढिगात खेळतच मोठा झाला.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याने याच भंगारातली एक टाकाऊ नळी आणि लाकडाचा तुकडा घेऊन धाकट्या भावासाठी बंदूक तयार केली आणि तिने रानकोंबड्याही मारल्या. शाळेचे शिक्षण त्याला जेमतेमच मिळाले. पण कोणता भाग आधी तुटतो, कोणता स्क्रू हरवतो, कुठे घाण साचते आणि माणूस घाईत कोणती चूक करतो, हे त्याला दुकानात येणारी प्रत्येक बंदूक शिकवत होती. पुढे त्यांच्या रचनांमध्ये भाग कमी, जाड आणि सहज सुटणारे असत, ते या शिक्षणामुळे.

वापरलेल्या रायफलीने नशीब कसे उघडले?

वयाच्या तेविसाव्या वर्षी ब्राउनिंग यांनी एका वेळी एकच गोळी भरण्याची रायफल तयार केली. १८७९ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि वडीलही वारले. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना काढला आणि तिथे हाताने रायफली बनू लागल्या. काही वर्षांत सहाशेच्या आसपास रायफली विकल्या गेल्या. हे सगळे आडगावात चालले होते. पूर्वेकडील बड्या कंपन्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

१८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याला यातली एक रायफल हाती लागली. ती नवी नव्हती, कुणीतरी वापरून विकलेली होती. वापरूनही ती इतकी चोख चालते, हे पाहून त्याने ती विकत घेतली आणि थेट मुख्यालयाला पाठवून दिली. कंपनीचे सूत्रधार टी. जी. बेनेट स्वतः रेल्वेने ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन त्यांनी रचनेचे हक्क विकत घेतले. हीच रायफल पुढे विंचेस्टरचे १८८५ चे मॉडेल म्हणून बाजारात आली. कोरी बंदूक सगळ्यांचीच चांगली दिसते, खरी परीक्षा वापरलेलीची असते. ब्राउनिंग त्या परीक्षेत उतरले आणि त्यांचे आयुष्य पालटले.

पुढची १९ वर्षे त्यांनी विंचेस्टरला ४४ रचना विकल्या. त्यांतल्या मोजक्याच कंपनीने बाजारात आणल्या. बाकीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवल्या. १८९४ ची रायफल मात्र इतकी चालली, की तिच्या ७० लाखांहून अधिक प्रती बनल्या. पण ब्राउनिंग यांना पैसे मिळत ते एकरकमी. विक्री कितीही वाढली, तरी त्यांचा वाटा वाढत नसे.

पिस्तुलात त्यांनी नेमके काय केले?

१८८९ मध्ये नेमबाजीच्या एका मैदानावर ब्राउनिंग यांच्या लक्षात आले, की गोळी सुटली की नळीच्या तोंडाशी असलेले गवत आडवे होते. म्हणजे प्रत्येक गोळीमागे बरीच शक्ती वाया जाते. या शक्तीलाच बंदूक पुन्हा भरायला लावली तर? या प्रश्नातून आधी मशीनगन आणि मग पिस्तूल आले.

तोवर कमरेला लावायचे शस्त्र म्हणजे फिरत्या चकतीचे रिव्हॉल्व्हर. ते फुगीर असल्याने खिशात नीट मावत नसे. ब्राउनिंग यांनी नळीवर एक जड पोलादी खोळ बसवली. तिला आज आपण स्लाइड म्हणतो. गोळी सुटते तेव्हा रिकामे काडतूस मागे रेटले जाते आणि त्याबरोबर स्लाइडही मागे सरकते. जाताना ती रिकामे काडतूस बाहेर फेकते. मग स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि परत येताना ती मुठीतल्या मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत भरते. लहान काडतुसाच्या पिस्तुलात आणखी कुलूपकिल्लीची गरज नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काम भागते. आज जगातली बहुतेक पिस्तुले याच स्लाइडच्या कल्पनेवर चालतात.

१८९६ मध्ये त्यांनी पिस्तुलांसाठी कोल्ट कंपनीशी करार केला. १९०३ मध्ये कोल्टचे ‘पॉकेट’ मॉडेल आले. त्याचा हॅमर स्लाइडच्या आत लपलेला असल्याने ते कापडात अडकत नसे. मुठीच्या मागच्या बाजूला एक दाबपट्टी होती. मूठ घट्ट धरली नाही, तर चाप ओढूनही गोळी सुटत नसे. साफसफाईसाठी ते उलगडायला कोणतेही हत्यार लागत नव्हते. १९४५ पर्यंत अशी साडेपाच लाखांहून अधिक पिस्तुले बनली.

बेल्जियम कुठून आले?

बेल्जियममधील लिएज शहराजवळ हेर्स्टाल येथे ‘एफएन’ हा शस्त्रकारखाना होता. तो १८८९ मध्ये देशाच्या सैन्याला रायफली पुरवण्यासाठी उभा राहिला होता. ते काम संपत आले, तेव्हा कारखाना सायकलीही बनवू लागला. १८९७ मध्ये त्यांचा प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत आला आणि सायकलींची माहिती घेता घेता त्याची गाठ ब्राउनिंग यांच्याशी पडली. जुलैमध्ये करार झाला. युरोपसाठीची पिस्तुले एफएनकडे आणि अमेरिकेसाठीची कोल्टकडे, अशी विभागणी झाली.

१८९८ च्या सुमारास ब्राउनिंग यांनी स्वतःहून पुन्हा भरणारी शॉटगन तयार केली आणि पुढे तिच्यासाठी पहिल्यांदाच विंचेस्टरकडे प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. बेनेट यांनी नकार दिला. संबंध तुटले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले, तर त्याच दिवशी हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाल्याचे कळले. अखेर ते जहाजाने बेल्जियमला पोहोचले. एफएनने शॉटगन घेतली, रॉयल्टीही मान्य केली. ही शॉटगन १९९८ पर्यंत बनत राहिली.

नाशिक ते सारायेवो…

छोटे, स्वस्त आणि भरवशाचे शस्त्र कोणाच्या खिशात जाईल, यावर ते घडवणाऱ्याचे नियंत्रण नसते. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून २० ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. त्यांतल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ही पिस्तुले पाठवल्याचा ठपका सावरकरांच्या शिक्षेचेही एक कारण ठरला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हार्बिन येथे आन जुंग-गुन या कोरियन क्रांतिकारकाने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर याच बनावटीच्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या होत्या. फ्रेंच भाषेत तर पिस्तुलालाच ‘ब्राउनिंग’ म्हणू लागले.

१९१४ च्या जानेवारीत एफएनने दहा लाखाव्या ब्राउनिंग पिस्तुलाचा सोहळा केला आणि बेल्जियमने ब्राउनिंग यांना सन्मान दिला. पाच महिन्यांनी, २८ जून रोजी, सारायेवोत गाव्रिलो प्रिन्सिपने एफएनच्या १९१० च्या मॉडेलने युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नीला ठार केले. त्यातून पेटलेल्या महायुद्धात ऑगस्टमध्येच जर्मन सैन्याने लिएज घेतले आणि जिथे ते पिस्तूल बनले तो कारखानाही त्यांच्या ताब्यात गेला.

युद्धात त्यांनी काय कमावले?

१९११ मध्येच अमेरिकी सैन्याने त्यांचे .४५ बोअरचे पिस्तूल स्वीकारले होते. चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या एकही अडथळा न येता सुटल्या. अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली, तेव्हा त्यांच्या मशीनगनने सरकारी चाचणीत आधी २०,००० आणि मग पुन्हा २०,००० गोळ्या झाडून दाखवल्या. नेहमीच्या दराने रॉयल्टी घेतली असती, तर त्यांना सव्वा कोट डॉलरहून अधिक मिळाले असते. त्यांनी साडेसात लाख डॉलरवर समाधान मानले. विंचेस्टरशी रॉयल्टीसाठी संबंध तोडणाऱ्या माणसाने देशासाठी ती सोडून दिली.

अखेरही कामाच्या ठिकाणीच…

ब्राउनिंग यांच्या नावावर १२८ पेटंट आहेत. अटलांटिक महासागर त्यांनी अनेकदा ओलांडला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजला एफएनच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कार्यालयात, हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. हातातले ९ मिमी पिस्तूल अपुरे राहिले. एफएनचे दिओदोने सेव्ह यांनी ते पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते ‘हाय पॉवर’ नावाने आले. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याची भारतीय आवृत्ती बनली. आपल्या सैन्याच्या कमरेला ती वर्षानुवर्षे राहिली.

जुने ब्राउनिंग आज हाती आले तर?

भारतात खासगी व्यक्तींना परदेशी बंदुका आयात करण्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदी आहे. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या कोल्ट आणि एफएन पिस्तुलांचे हस्तांतरण होत राहते आणि किंमतही चढी असते. .३२ बोअर परवान्यावर ठेवता येते, ९ मिमी मात्र प्रतिबंधित बोअरमध्ये येते. व्यवहार परवानाधारकाशीच आणि परवान्यावर नोंद करूनच करावा लागतो.

असे पिस्तूल घेणाऱ्याने चकाकीपेक्षा क्रमांक आधी पाहावा. पिस्तुलावरचा आणि कागदावरचा क्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. दुसरी गोष्ट काडतुसाची. पिस्तुलाचे .३२ आणि रिव्हॉल्व्हरचे .३२ ही दोन वेगळी काडतुसे आहेत, नाव सारखे म्हणून ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तिसरी गोष्ट स्प्रिंगची. पोलाद शंभर वर्षे टिकते, पण स्प्रिंग थकते, मग स्लाइड अर्ध्यात अडते किंवा जास्त जोराने आपटते. त्यामुळे जाणकार कारागिराकडून तपासणी झाल्याशिवाय त्यातून एकही गोळी झाडू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १९२० च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या कोल्ट पॉकेट पिस्तुलांत मॅगझिन काढले तरी नळीतले काडतूस सुटू शकते. मॅगझिन हातात आहे म्हणजे पिस्तूल रिकामे आहे, या समजुतीने अपघात होतात. म्हणून मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी पाहणे, हा जुने पिस्तूल ओळखीचे करून घेण्याचा पहिला धडा. ऑग्डेनच्या दुकानात दुरुस्तीला आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे धरूनच हातात घ्यावी लागत असे. ब्राउनिंग यांची कारकीर्द त्याच टेबलाशी सुरू झाली होती.