लॉर्ड कॉर्नवॉलिस : एका सेनापतीचा जय-पराजय

लालबाग-परळहून फार दूर नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. एकेकाळी फोर्टमध्ये दिमाखाने उभा असलेला लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा आज तेथील आवारात आहे. हा पुरुष कोण, हे मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते.

चार्ल्स कॉर्नवॉलिसचा जन्म ३१ डिसेंबर १७३८ रोजी लंडनमध्ये उमराव घराण्यात झाला. अमेरिकेतील वसाहतींवर कायदे लादण्याचा अधिकार सांगणाऱ्या विधेयकास १७६६ साली त्याने लॉर्डांच्या सभागृहात विरोध केला होता. परंतु त्याच वसाहतींनी स्वातंत्र्य पुकारले, तेव्हा राजाज्ञा शिरसावंद्य मानून तो त्यांच्याविरुद्ध लढावयास गेला.

जानेवारी १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने शेकोट्या पेटत्या ठेवून रातोरात त्याला चकविले आणि प्रिन्स्टन येथे ब्रिटिश तुकड्यांचा पराभव केला. १७८० साली कॅम्डेन येथे कॉर्नवॉलिसने मोठा विजय मिळविला. पुढच्याच वर्षी गिलफोर्ड येथे रणांगण त्याच्या हाती राहिले. मात्र सैन्याचा सुमारे चौथा हिस्सा कामी आला वा जायबंदी झाला. अखेर यॉर्कटाउन येथे जमिनीवरून अमेरिकन व फ्रेंच सैन्याने आणि समुद्रातून फ्रेंच आरमाराने त्याची कोंडी केली. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी सात हजारांहून अधिक सैनिकांसह त्याने शरणागती पत्करली.

या वेढ्यातील एक गोष्ट आपण विसरता कामा नये. मुक्तीच्या आशेने हजारो कृष्णवर्णीय गुलाम मालकांना सोडून ब्रिटिशांच्या आश्रयास आले होते. त्यांनी खंदक खणले, ओझी वाहिली. अन्न संपत आले आणि देवीची साथ पसरली, तेव्हा त्यांतील अनेकांना छावणीबाहेर हाकलून देण्यात आले. मुक्तीचे आश्वासन गरजेपुरतेच होते.

१७८६ साली तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९१ च्या पहिल्या स्वारीत बैल मेले, धान्य संपले, आणि श्रीरंगपट्टणहून त्याला माघार घ्यावी लागली. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजांच्या बाजारातील धान्याने त्या उपाशी सैन्याला जगविले. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लक्ष रुपये घेतले गेले. शिवाय त्याची दोन कोवळी मुले ओलीस ठेवण्यात आली. ती १७९४ मध्ये घरी परतली.

१७८९ साली हिंदुस्थानातून गुलाम परदेशी नेण्यास त्याने बंदी घातली, हे त्याचे श्रेय होय. पण १७९३ च्या कायमधाऱ्याने बंगालमधील जमीन जमीनदारांची झाली आणि कसणारा कुळ बनून राहिला. कारभारातील उच्च पदांची दारेही हिंदी माणसास बंद झाली. १८०५ साली तो पुन्हा गव्हर्नर जनरल झाला आणि मराठ्यांशी तह करण्याच्या खटपटीत असताना ५ ऑक्टोबर रोजी गाझीपूर येथे निधन पावला.

कलिंगातील जयानंतर सम्राट अशोकाने जिंकलेल्यांचे दुःख मोजले, आणि तेथूनच त्याचा धम्ममार्ग सुरू झाला. विद्यार्थ्यांनो, भायखळ्याला तो पुतळा पाहाल, तेव्हा छावणीबाहेर लोटलेली ती माणसे आणि घरापासून दूर नेलेली ती दोन मुलेही आठवा. त्यांचे पुतळे कोणी उभारले नाहीत.