इरावतीबाई आणि महाभारत

महाभारत हा भारताचा अत्यंत प्राचीन ग्रंथ. शेकडो वर्षे देवळांतून आणि घरोघरी तो भक्तिभावाने वाचला व ऐकला गेला. त्याच्या श्रवणाने पुण्य लाभते, अशी श्रद्धा त्यामागे होती. परंतु ज्याला पुण्याची अपेक्षा नाही, त्याने असा ग्रंथ का वाचावा? या प्रश्नाचे उत्तर इरावती कर्वे यांच्या चरित्रात सापडते.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागा शाळेत पाठविण्यात आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीप्रमाणे वाढल्या. परांजपे उघडपणे निरीश्वरवादी होते. केवळ जुने म्हणून एखादे वचन मान्य करावे, अशी त्या घराची रीत नव्हती.

महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी विवाह झाल्यानंतर त्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेल्या. बर्लिन येथे त्यांनी मानवी कवट्यांच्या मोजमापावर संशोधन केले. यूरोपीय वंश इतरांहून श्रेष्ठ आहे, या समजुतीस त्या मोजमापांतून आधार मिळेल, अशी त्यांच्या प्राध्यापकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंना तसा आधार आढळला नाही. आणि आढळला नाही, असेच त्यांनी आपल्या प्रबंधात लिहिले. परक्या देशात गुरूच्या मताविरुद्ध असे लिहिणे सोपे नव्हते.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करू लागल्या. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी गावोगाव हिंडून माहिती मिळविली. तशीच ती प्राचीन ग्रंथांतूनही शोधली. पूर्वीची माणसे कोणाला काय म्हणत, कोणाशी विवाह करीत, वारसा कोणाकडे जाई, हे त्या पोथ्यांतून कळत होते. पोथी त्यांच्या दृष्टीने समाजाचा जुना दस्तऐवज होती.

याच काळात पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार होत होती. १९१९ मध्ये आरंभिलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहून, मागाहून घातलेला मजकूर विद्वानांनी निराळा काढला. या आवृत्तीच्या आधारे इरावतीबाईंनी महाभारतावर लेख लिहिले. ते १९६७ मध्ये ‘युगान्त’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या लेखांतील व्यक्ती देव नाहीत आणि दानवही नाहीत. ती माणसे आहेत. भीष्मांच्या त्यागाविषयी सर्वांनाच आदर वाटतो. पण त्या त्यागातून कोणाचे हित झाले, असा प्रश्न इरावतीबाईंनी केला. काशीच्या राजकन्या, गांधारी, कुंती यांच्या वाट्याला आलेले दुःख त्यांनी जमेस धरले. कृष्ण आणि अर्जुन यांनी खांडववन जाळले, ही कथा लोक पराक्रमाची म्हणून ऐकत आले होते. त्या वनात राहणाऱ्यांचे काय झाले, याकडे इरावतीबाईंनी लक्ष वेधले. शेतीसाठी भूमी मिळविताना तेथील मूळ रहिवाशांचा संहार झाला असावा, असा अर्थ त्यांनी लावला.

त्यांची सर्वच मते विद्वानांना पटली नाहीत. तथापि ग्रंथाविषयीचा त्यांचा जिव्हाळा कोणालाही नाकारता आला नाही. कठोर सत्य न लपविता मानवी जीवन जसे आहे तसे दाखविणे, हेच त्यांना महाभारताचे थोरपण वाटे. श्रद्धावंतांचाही त्यांनी कधी उपहास केला नाही. वारकऱ्यांबरोबर त्या स्वतः पंढरीची वाट चालल्या होत्या.

‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.

प्राचीन ग्रंथापुढे हात जोडणारे पुष्कळ असतात, आणि न वाचताच तो टाकून देणारेही असतात. इरावतीबाईंनी तो उघडून आरंभापासून शेवटपर्यंत वाचला, आणि त्यात आपल्यासारखीच चुकणारी, झुंजणारी, पस्तावणारी माणसे पाहिली. अशा वाचनाला श्रद्धेची अट नाही. प्रामाणिकपणाची मात्र आहे.