लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताय? आधी जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात वाजवलेली घंटा समजून घ्या

भोर सोडून महाडच्या दिशेनं निघालं की नीरा देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं. रस्ता वरंध घाटाकडे सरकतो आणि वाटेत हिर्डोशी लागतं. बाजीप्रभूंच्या हिरडस मावळातला हा भाग. जिकडं बघाल तिकडं डोंगर.

समजा तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि गणपतीला अशा एखाद्या गावी घरी आलाय. सुट्टी दोन दिवसांची, पुढचे चार दिवस घरून काम. मोबाईलला रेंज फक्त ओट्यावर येते. म्हणून मोबाईल ओट्यावर ठेवला, हॉटस्पॉट चालू केला आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसलात. मधे जाडजूड दगडी भिंत. मिटिंग सुरू झाली की आधी आवाज तुटतो, मग चेहरा गोठतो आणि शेवटी आपणच मिटिंगच्या बाहेर.

त्या रात्री हमखास एक गोष्ट होते. आपण मोबाईलवर शोधायला लागतो, लॅपटॉपसाठी सगळ्यात भारी वायफाय कार्ड कुठलं? वायफाय ५, वायफाय ६, ६ई, ७. आकडा जितका मोठा तितकं कार्ड भारी, असं आपण धरून चालतो.

खरंच असं असतं का? याचं उत्तर एका बंगाली माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस.

शाळेत आपण त्यांच्याबद्दल एकच गोष्ट शिकलो, वनस्पतींना संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ. पण झाडांकडे वळायच्या आधी हा माणूस बिनतारी लहरींवर काम करत होता, आणि तेही अशा लहरींवर ज्यांच्यापर्यंत जग पुढच्या कित्येक वर्षांत पोहोचणार नव्हतं.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, तेव्हाच्या पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. साहेबाच्या पोराला इंग्रजी शाळेत घालायचा तो काळ. वडिलांनी मात्र त्यांना आधी बंगाली शाळेत घातलं. तिथं शेजारी बसायला कोळ्याची आणि शिपायाची पोरं होती.

पुढं कलकत्त्याचं सेंट झेवियर्स कॉलेज झालं. मग डॉक्टर व्हायला ते इंग्लंडला गेले, पण तब्येतीनं साथ दिली नाही. वैद्यकी सोडून त्यांनी केंब्रिजच्या ख्राईस्ट्स कॉलेजात विज्ञान घेतलं. तिथं लॉर्ड रॅले यांच्यासारखा शिक्षक मिळाला.

१८८५ साली ते परत आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. इथं पहिला खटका उडाला. त्याच कामाला इंग्रज प्राध्यापकाला जो पगार मिळायचा, त्याच्या दोन तृतीयांश हिंदी माणसाला. बोस यांची नेमणूक हंगामी होती, म्हणून त्यांच्या वाट्याला त्याहूनही कमी.

त्यांनी भांडण केलं नाही आणि राजीनामाही दिला नाही. ते रोज कॉलेजात जायचे, शिकवायचे आणि पगार मात्र घ्यायचे नाहीत. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं. घरावर वडिलांचं कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला यांच्याशी लग्न झालं, म्हणजे संसारही सुरू झाला होता. शेवटी कॉलेजनं माघार घेतली. त्यांना कायम केलं आणि मागचा सगळा पगार पूर्ण दरानं दिला.

आता येतो वायफायचा विषय.

तिकडे जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास प्रयोगानं सिद्ध केलं होतं की विजेच्या ठिणगीतून न दिसणाऱ्या लहरी निघतात आणि हवेतून प्रवास करतात. १८९४ साली हर्ट्झ वारले. त्यांच्या कामाबद्दलचं ऑलिव्हर लॉज यांचं लेखन बोस यांच्या हाती लागलं आणि त्यांनी ठरवलं की आपण यावरच काम करायचं.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. न्हाणीघराला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत त्यांनी संसार मांडला. यंत्रं स्थानिक कारागिराकडून करून घेतली. लहरी गाळून घ्यायला त्यांनी काय वापरलं ऐका. पीळ दिलेला ताग. आणि पानांच्या मधे धातूचा पातळ पत्रा घातलेलं रेल्वेचं वेळापत्रक! लहरी एका दिशेनं सोडायला त्यांनी जे नरसाळं केलं, त्याच जातीचे हॉर्न अँटेना आजही वापरात आहेत.

इथं त्यांनी एक निवड केली, आणि आपल्या कार्डाचा प्रश्न त्या निवडीला येऊन भिडतो.

लहरी जितक्या लांब, तितक्या त्या अडथळ्यांना वळसा घालून दूर जातात. जितक्या आखूड, तितक्या त्या उजेडासारख्या वागतात. सरळ जातात, आरशासारख्या परतवता येतात, अडथळा आला की अडखळतात. बोस यांना लहरींचा स्वभाव तपासायचा होता आणि तोही टेबलावर मावेल एवढ्या उपकरणांत. म्हणून त्यांनी आखूड लहरी निवडल्या. किती आखूड? साधारण ५ ते २५ मिलिमीटर. आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ.

आता आपल्या वायफायकडे बघा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते. ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटिमीटरची आणि ६ गिगाहर्ट्झची ५ सेंटिमीटरची. वायफायचा एक प्रकार ६० गिगाहर्ट्झवरही चालतो, वायगिग नावाचा. वेग प्रचंड, पण एका खोलीपुरता. ती लहर ५ मिलिमीटरची. बोस तिथं एकोणिसाव्या शतकातच पोहोचले होते.

१८९५ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये लोकांसमोर प्रयोग केला. मधे कुठलीही तार नसताना दूरवरची घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. लहर मधल्या भिंतींतून पलीकडे गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, बोस यांची लहर भिंतीतून जाते, मग आमचं ५ गिगाहर्ट्झ का अडतं?

घंटा वाजवायला एक झटका पुरतो. पलीकडे अगदी थोडी ऊर्जा पोहोचली तरी काम झालं. व्हिडिओ कॉलला मात्र सेकंदाला लाखो खुणा एकामागून एक स्वच्छ ओळखू याव्या लागतात. दगडी भिंतीनं सिग्नल अर्धमेला केला की घंटा वाजेल, पण मिटिंग चालणार नाही.

त्याच काळात इटलीचे मार्कोनी उलट्या दिशेनं निघाले होते. त्यांना लहरींचा स्वभाव तपासायचा नव्हता, संदेश लांब पाठवायचा होता. म्हणून त्यांनी लांब लहरी आणि उंच अँटेना धरल्या. १९०१ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पोहोचवल्याचं जाहीर केलं. त्या प्रयोगातला पाऱ्याचा ग्राहक बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढं मांडलेल्या उपकरणाच्या जातीचा होता. त्याचं श्रेय बोस यांना मिळालं नाही. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना गेलं.

मार्कोनीनं बोस यांचा रेडिओ चोरला, असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. गोष्ट इतकी सरळ नाही. दोघांची कामं वेगळी होती, म्हणून दोघांच्या लहरीही वेगळ्या होत्या. अन्याय झाला तो श्रेयाच्या बाबतीत.

पेटंटबद्दल बोस यांना ओढ नव्हती. ज्ञान विकायची वस्तू नाही, अशी त्यांची भूमिका होती. सिस्टर निवेदिता आणि अमेरिकन स्नेही सारा बुल यांच्या आग्रहामुळं गॅलिना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या ग्राहकाचं अमेरिकन पेटंट त्यांच्या नावावर १९०४ मध्ये झालं. पण त्यातून त्यांनी पैसा केला नाही, पेटंट तसंच संपू दिलं. आज तुमच्या कार्डावरची चिप ज्या अर्धवाहकांवर चालते, त्यांच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी हा एक.

आता परत गावच्या घरात येऊ. बोस यांच्या निवडीतून आपण काय घ्यायचं? आधी काम बघायचं, मग लहर.

पहिली गोष्ट. कार्ड बदलल्यानं टॉवरची रेंज वाढत नाही. कार्ड फक्त लॅपटॉप आणि मोबाईल किंवा राउटर यांच्यामधलं बोलणं सुधारतं. ओट्यावर मोबाईललाच नेट नसेल तर महागडं कार्डही हात टेकतं.

दुसरी गोष्ट फुकटातली आहे. बऱ्याच मोबाईलमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो. मधे जाड भिंत असेल तर २.४ गिगाहर्ट्झ लावून बघा. वेग थोडा कमी होईल, पण कॉल टिकेल. एकाच खोलीत बसणार असाल तर ५ उत्तम.

तिसरी गोष्ट. राउटर वायफाय ५ चा असेल तर वायफाय ७ चं कार्ड घेऊन फारसं हाती लागत नाही. दोघांना येते त्याच भाषेत बोलणं होतं.

चौथी गोष्ट, इथं लोकांचे पैसे बुडतात. आधी लॅपटॉपच्या मॉडेलवरून बघा की कार्ड निघतं की बोर्डालाच जोडलेलं आहे. निघत असेल तर बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ २२३० मापाचं कार्ड लागतं. इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं ठरावीक इंटेल प्रोसेसरबरोबरच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये नाहीत. एएक्स २०० (वायफाय ६) आणि एएक्स २१० (वायफाय ६ई) सहसा दोन्हीकडे चालतात. वायफाय ७ चं बीई २०० एएमडीवाल्यांनी टाळलेलंच बरं. काही जुने लॅपटॉप कंपनीनं मान्य केलेलंच कार्ड घेतात, तिथं यूएसबी ॲडॉप्टर हा सोपा मार्ग.

आणि शेवटची. कार्ड म्हणजे अर्धंच काम. त्याला जोडलेल्या दोन बारीक अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या कडेनं फिरवलेल्या असतात. त्यांची टोपणं फार नाजूक असतात, ती नीट बसली नाहीत तर भारी कार्डही मुकं होतं.

बोस यांनी पुढं आयुष्य वनस्पतींच्या अभ्यासाला दिलं. १९१७ साली आपल्या वाढदिवशी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. मिलिमीटर लहरींवरच्या त्यांच्या कामाची नोंद आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेनं २०१२ मध्ये मैलाचा दगड म्हणून केली.

त्यामुळं हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ की ५ असा प्रश्न येईल, तेव्हा आकड्याकडं नको, मधल्या भिंतीकडं बघा. बोस यांनीही आधी काम बघितलं होतं आणि मगच लहर निवडली होती.