तरुण प्रोग्रामरांच्या पाठीराख्या ग्रेस हॉपर

संगणकाच्या इतिहासात ग्रेस हॉपर यांचे नाव घेतले जाते ते कंपायलर आणि कोबोल या भाषेच्या संदर्भात. स्वतः हॉपर यांना मात्र आपण घडविलेली तरुण मुले ही कंपायलरपेक्षाही मोठी कमाई वाटे. हा केवळ विनय नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली जन्मलेल्या हॉपर यांनी १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविली. व्हासार महाविद्यालयात त्या गणिताच्या विद्यार्थिनींकडून निबंध लिहून घेत. जे दुसऱ्याला समजावता येत नाही ते गणित काय कामाचे, असा त्यांचा रोकडा सवाल असे.

युद्धकाळात त्या नौदलात दाखल झाल्या. जुलै १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क १’ या अजस्र गणनयंत्रावर रुजू होताच प्रमुख हॉवर्ड एकन यांनी त्यांच्यापुढे आठवडाभराचे काम टाकले. तेव्हा ३७ वर्षांच्या या प्राध्यापिकेला यंत्राची भाषा शिकविली ती रॉबर्ट कॅम्पबेल आणि रिचर्ड ब्लॉक या वयाने लहान अधिकाऱ्यांनी. नवख्याची कुचंबणा त्यांनी अशी स्वतः अनुभवली होती. पुढे १९५२ मध्ये त्यांनी कंपायलर तयार केला, तेव्हा संगणक केवळ आकडेमोड करू शकतो, असे सांगून त्यांना वाटेला लावणारेही भेटले.

निवृत्तीनंतर १९६७ मध्ये नौदलाने त्यांना कोबोलच्या प्रमाणीकरणासाठी सहा महिन्यांकरिता परत बोलाविले. हा मुक्काम १९८६ पर्यंत लांबला! पेंटॅगॉनमधील त्यांच्या कचेरीत उलटे फिरणारे घड्याळ होते. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीला ते उत्तर होते. नॅनोसेकंद म्हणजे काय, हे दाखविण्यासाठी त्या सुमारे ३० सेंटिमीटरची तार श्रोत्यांच्या हाती देत. तेवढ्या वेळात प्रकाश तितकेच अंतर कापतो. मायक्रोसेकंदासाठी सुमारे ३०० मीटर तारेचे भेंडोळे असे. प्रोग्रामरने ते आपल्या मेजावर टांगावे, म्हणजे आपण काय उधळतो ते कळेल, असे त्या बजावत. एखादा कनिष्ठ नवी कल्पना घेऊन आला की करून पाहा म्हणत आणि तो कचरू नये म्हणून मधूनमधून चौकशीही करीत. वरिष्ठांची नाराजी झेलण्याची तयारी असल्याखेरीज असे प्रोत्साहन पोकळच ठरते. ती तयारी हॉपर यांच्याकडे होती.

ऑगस्ट १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल म्हणून त्या नौदलातून निवृत्त झाल्या आणि डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार बनल्या. तेथेही व्याख्यानांचा फड सुरूच राहिला. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.