महाप्रजापती गौतमी : भिक्खुणी संघाची पहिली नायिका

आपल्या विहारात वंदनेला पुरुषांपेक्षा बायामाणसंच जास्त असतात. वर्षावासात ग्रंथवाचन ऐकायलाही त्याच पुढे. पण कार्यकारिणीची यादी वाचली की नावं बहुतेक पुरुषांचीच. म्हणून या वर्धापनदिनाच्या अंकात महामाता गौतमीचं चरित्र थोडक्यात सांगतो.

गौतमी देवदहच्या कोलिय कुळातली, महामायेची बहीण. दोघी शुद्धोदनाच्या राण्या. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया वारली. गौतमीने आपला मुलगा नंद दाईकडे दिला आणि बहिणीच्या लेकराला स्वतःचं दूध पाजलं, असं परंपरा सांगते.

सिद्धार्थ बुद्ध झाल्यावर तिने एकदा आपल्या हाताने सूत कातून, विणून वस्त्रांची जोडी त्यांच्यासाठी नेली. माझी हयात गिरणीत सुतावर गेली, म्हणून त्या वस्त्राची किंमत मला कळते. बुद्धांनी ते संघाला द्यायला सांगितलं. व्यक्तीपेक्षा संघ मोठा, हा धडा त्यांनी सांभाळणाऱ्या आईलाही दिला.

शुद्धोदनाच्या निधनानंतर गौतमीने कपिलवस्तूच्या निग्रोधारामात प्रव्रज्या मागितली. तीनदा मागितली, तीनदा नकार मिळाला. पण ती रडून घरी बसली नाही. तिने केस कापले, काषाय वस्त्र नेसलं आणि शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन थेट वैशाली गाठली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेलं, अशी ती महावनातल्या कूटागारशाळेच्या दाराशी उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली. स्त्रीही अर्हत होऊ शकते, हे बुद्धांनी मान्य केलं आणि भिक्खुणी संघ उभा राहिला.

ग्रंथात आठ कडक नियमही आहेत. शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आज दीक्षा घेतलेल्या भिक्खूला वंदन करावं, हा त्यातला पहिला. गौतमीने नियम स्वीकारले. पण वंदन ज्येष्ठतेप्रमाणे असावं, अशी विनंतीही नंतर केली. ती मान्य झाली नाही, तरी विनयपिटकात तिची नोंद आहे. बुद्धांवर होणारा स्त्रीविरोधाचा आरोप बाबासाहेबांनी 1951 साली ‘महाबोधि’ मासिकातल्या लेखात खोडून काढला.

गौतमी अर्हत झाली. ज्येष्ठ भिक्खुणींमध्ये बुद्धांनी तिला अग्रस्थान दिलं. तिच्या संघात खेमा प्रज्ञेत, पटाचारा विनयात, धम्मदिन्ना धम्मदेसनेत अग्र ठरल्या. ती 120 वर्षे जगली, असं अपदान ग्रंथ सांगतो. श्रीलंकेत ही भिक्खुणी परंपरा पुढे खंडित झाली. 1996 साली सारनाथला श्रीलंकेच्या स्त्रियांना उपसंपदा मिळाली आणि ती पुन्हा सुरू झाली.

बंधूंनो, गौतमीला अडीच हजार वर्षांपूर्वी दाराशी उभं राहावं लागलं. आपल्या आयाबहिणींना आज विहाराच्या दाराशी उभं ठेवायचं का? सतरंजी त्यांनी अंथरायची आणि निर्णय आपण घ्यायचे, हे आता चालायचं नाही. पुढची कार्यकारिणी निवडताना एवढी आठवण ठेवा.

नमो बुद्धाय! जय भीम!