हालत्या चित्रांचा कसबी : विन्सर मॅके

आपल्या स्मरणिकेत चरित्रलेख येतो तो बहुधा एखाद्या संताचा, समाजसुधारकाचा, नाहीतर ज्ञातीतील कर्तबगार गृहस्थाचा. यंदा वाचकांस जरा दूरदेशी नेण्याचे योजिले आहे. अमेरिकेतील चित्रकार विन्सर मॅके यांचा आपल्या ज्ञातीशी वा प्रांताशी काहीही संबंध नाही. परंतु आपण पिढ्यान्‌पिढ्या हातकसबावर जगलेली माणसे आहोत. बापाने मुलाला शिकवावे आणि परक्याने दारात पाऊल टाकताच हत्यारांवर फडके ओढावे, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाळलेली आपण पाहिली आहे. मॅके यांनी नेमके याच्या उलट केले आणि त्याचे जे फळ त्यांस मिळाले ते विचार करण्याजोगे आहे.

त्यांचे पूर्ण नाव झीनस विन्सर मॅके. वडिलांनी आपल्या धन्याचे नाव मुलास ठेवले होते. त्यांच्या जन्मवर्षाविषयी चरित्रकारांत एकमत नाही. 1866 पासून 1871 पर्यंतची निरनिराळी वर्षे दिली जातात. बालपण मिशिगन प्रांतातील स्प्रिंग लेक या लाकूडतोडीच्या गावी गेले. पोराच्या हाती खडू, कोळसा, खिळा जे येईल त्याने ते चित्र काढी, आणि एकदा पाहिलेली वस्तू बारीकसारीक तपशिलांसह पुढे केव्हाही कागदावर उतरवी. मुलाने व्यापाराचे शिक्षण घ्यावे, अशी वडिलांची इच्छा. त्यासाठी त्यांस इप्सिलान्टी येथील व्यापारी विद्यालयात धाडले, परंतु चिरंजीव डेट्रॉइट शहरातील एका स्वस्त करमणूकगृहात जाऊन लोकांची चित्रे काढून देण्यात रमले. इप्सिलान्टीतच जॉन गुडिसन नावाचे अध्यापक त्यांस भेटले. रंगीत काचांचे काम जाणणाऱ्या या गृहस्थांनी त्यांजकडून यथार्थदर्शनाचे धडे कडक शिस्तीने गिरवून घेतले. रीतसर असे कलाशिक्षण त्यांस तेवढेच लाभले. परंतु पुढील सगळी इमारत त्या पायावर उभी राहिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यानंतर शिकागोतील छापखान्यात सर्कशीची भित्तिपत्रके काढणे, आणि 1891 पासून सिनसिनाटी येथील एका प्रदर्शनगृहासाठी जाहिरातींचे फलक रंगविणे, असा उद्योग चालला. गर्दीसमोर उभे राहून झराझरा चित्र काढण्याची सवय त्यांस येथेच जडली. त्याच वर्षी मॉड ड्यूफोर या मुलीशी त्यांनी विवाह केला. रॉबर्ट व मॅरियन ही दोन अपत्ये झाली. वृत्तपत्रांतील चित्रे काढता काढता नाव झाले आणि 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या हेरल्ड पत्राने त्यांस बोलावून घेतले.

15 ऑक्टोबर 1905 रोजी हेरल्डच्या रविवारच्या अंकात 'लिटल नीमो' ही त्यांची रंगीत चित्रकथा सुरू झाली. एक लहानगा मुलगा झोपी जातो, स्वप्ननगरीकडे निघतो आणि शेवटच्या चौकटीत पलंगावरून खाली पडून जागा होतो, एवढेच काय ते सूत्र. पण त्या एका सूत्रावर मॅके यांनी प्रासाद, जिने, हत्ती, हवेत तरंगणारी जहाजे यांची अशी काही आरास मांडली की आजही ती पाने पाहताना डोळे निवतात. एका रविवारी तर नीमोचा पलंगच लांब पायांनी शहराच्या इमारतींवरून चालू लागतो. नीमोचा चेहरा त्यांनी आपल्या मुलावरून, रॉबर्टवरून घेतला होता. 1908 मध्ये या चित्रकथेवर न्यूयॉर्कमध्ये संगीत नाटकही झाले.

दरम्यान 1906 पासून ते रंगभूमीवरही उभे राहू लागले होते. काळ्या फळ्यावर खडूने एक स्त्री व एक पुरुष काढावयाचे आणि वाद्यांच्या साथीवर रेघांमागून रेघा फिरवीत त्यांस बाल्यापासून वार्धक्यापर्यंत न्यावयाचे, असा तो प्रयोग असे. चित्रे हलवून दाखविण्याची कल्पना मुलाच्या खेळण्यामुळे सुचली असे ते सांगत. रॉबर्टने घरी आणलेल्या चिमुकल्या वह्यांची पाने अंगठ्याखालून सोडली की आतील चित्रे हलल्यासारखी दिसत. मग 1911 मध्ये सुमारे 4000 चित्रे काढून त्यांनी नीमोच्या सोबत्यांस पडद्यावर हलविले. छायाचित्रणाचे काम व्हायटाग्राफ कंपनीत जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांच्या देखरेखीखाली झाले. हालत्या चित्रांचा आद्य जनक म्हणून मॅके यांनी स्वतःस मिरवावे, हे काही आपणास पटत नाही. खुद्द ब्लॅक्टन यांनी 1906 मध्ये आणि फ्रान्सच्या एमिल कोल यांनी 1908 मध्ये तशी चित्रे दाखविली होती. पण त्या दोघांची चित्रे नुसती हलत. मॅके यांच्या चित्रांस वजन होते, श्वास होता.

हे वजन आले कोठून, ते थोडे समजून घेऊ. मूकपटाच्या त्या काळात एका सेकंदास सुमारे 16 चित्रे पडद्यावरून जात. म्हणजे एका मिनिटाच्या खेळास जवळजवळ हजार चित्रे. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून केसभर निराळे हवे आणि तरीही आकृती जागची हलता कामा नये. मॅके पातळ, पारदर्शक कागद घेत, त्याच्या कोपऱ्यांत फुल्यांच्या खुणा करीत आणि खुणेवर खूण जुळवून पुढचे चित्र काढीत. हालचालीचे पहिले व शेवटचे चित्र आधी, मग त्यांच्या मधले, मग उरलेल्या अर्ध्यांचे मधले, अशी त्यांची रीत होती. रांगेने पहिल्यापासून काढीत गेल्यास वेळेचा अंदाज चुकतो, तसा या रीतीत चुकत नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालीची चित्रे तीच ती फिरवून वापरण्याची युक्तीही त्यांची. प्राणी श्वास घेताना पोट किती वेळ फुगावे, हे ठरविण्यासाठी त्यांनी हाती घड्याळ धरून स्वतःचा श्वास मोजला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' मध्ये काड्यांना नाचविले. त्यात काडी तयार असते, ती तसूतसू सरकवावी लागते. मॅके यांस दर वेळी सगळे नव्याने काढावे लागे. दोहींत चिकाटी सारखीच, परंतु हाताचे काम निराळे.

1912 मध्ये त्यांनी झोपलेल्या माणसास चावणाऱ्या एका मच्छराची गोष्ट सहा हजार चित्रांत सांगितली. मच्छर हुबेहूब पाहून काही प्रेक्षकांस आत तारांची करामत असावी असा संशय आला म्हणतात. तेव्हा जिची तारांनी नक्कल करताच येणार नाही, अशी वस्तू दाखवावी म्हणून त्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी निवडला. गर्टी नावाची ही अजस्र डायनोसॉर मादी फेब्रुवारी 1914 मध्ये शिकागोच्या रंगभूमीवर प्रथम अवतरली. मॅके हाती चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहत व तिला हाक मारीत. ती गुहेतून लाजत लाजत बाहेर येई, सांगितल्याबरहुकूम पाय उचली, कधी हट्ट करी, आणि दरडावल्यावर रडू लागे. मॅके तिच्याकडे फळ फेकीत. हातातील पुठ्ठ्याचे फळ ते चलाखीने लपवीत आणि त्याच क्षणी पडद्यावरील गर्टी ते तोंडात झेली. शेवटी ते स्वतः पडद्यामागे जात, आणि चित्रातले मॅके गर्टीवर स्वार होऊन निघून जात. हजारो चित्रांचे हे काम त्यांनी जवळजवळ एकहाती केले. पार्श्वभूमीचे डोंगर व झाड मात्र प्रत्येक कागदावर पुनःपुन्हा गिरविण्यास जॉन फिट्झसिमन्स हा शेजारचा तरुण त्यांस मिळाला होता. आज हेच काम करावयास कोणी बसेल काय, असे मनात येते.

गर्टीचे काम चालू असतानाच त्यांजकडे एक गृहस्थ आले. आपण हालत्या चित्रांवर लेख लिहीत आहोत, असे त्यांनी सांगितले. मॅके यांनी काही एक न लपविता कागद, खुणा, मधले चित्र आधी काढण्याची रीत, सारे मोकळ्या मनाने दाखविले. ते गृहस्थ म्हणजे जॉन रँडॉल्फ ब्रे. ते स्वतः व्यंगचित्रकार होते आणि याच धंद्यात पडू पाहत होते. त्यांनी या कृतींवर 1914 पासून सरकारी पेटंटे मिळविली आणि त्यांच्या जोरावर चक्क मॅके यांच्यावरच फिर्याद लावली. ज्याच्या घरी पाहुणा म्हणून बसून विद्या उचलली त्याच्याच दारी पावतीपुस्तक घेऊन जावे, हा प्रकार आपल्याकडे झाला असता तर पंचांनी काय केले असते, हे वाचकांनीच ठरवावे. ब्रे यांचा दावा टिकला नाही आणि पुढे काही काळ मॅके यांसच ब्रे यांच्याकडून मोबदल्याची रक्कम मिळत राहिली.

यावरून कसब झाकून ठेवावे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो सरळ नाही. मॅके यांनी या प्रसंगापूर्वी आपल्या रीतींचे पेटंट घेण्याचा विचारही केला नव्हता. जो तो हे शिकेल तर बरे, अशीच त्यांची वृत्ती होती. उलट, पेटंटांच्या बळावर ब्रे यांनी जी चित्रशाळा उभारली तिच्यातच मॅक्स फ्लायशर, पॉल टेरी, वॉल्टर लँट्झ यांच्यासारखे पुढील पिढीचे नामांकित कसबी तयार झाले. विद्या तशीही पसरलीच. फरक एवढाच की ती देणाऱ्याच्या नावाने पसरली नाही. आपल्या फाळक्यांनी तर 1917 मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा पटच काढला होता. विद्या उघडी करणाऱ्याचे नाव तिच्याबरोबर राहावे यासाठी ती स्वतःच जगासमोर मांडणे, हा मार्ग आम्हांस अधिक सुरक्षित वाटतो.

दुसऱ्याची विद्या घेण्यात मॅके यांस कमीपणा वाटत नसे. पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर आकृती काढून ती एकाच पार्श्वभूमीवर ठेवण्याची युक्ती अर्ल हर्ड या चित्रकाराची. पुढील मोठ्या कामात मॅके यांनी सेल्युलॉइडच वापरले. 7 मे 1915 रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडविले. सुमारे बाराशे माणसे प्राणास मुकली. या घटनेचे छायाचित्र कोणीच घेतलेले नव्हते. मॅके यांनी ते दृश्य पदरचे पैसे घालून, सहाय्यकांच्या मदतीने सुमारे 25,000 चित्रांत उभे केले. काम जवळजवळ दोन वर्षे चालले आणि चित्रपट 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. धुराचे लोट, कलते जहाज, पाण्यात पडणारी ठिपक्यांएवढी माणसे, हे सारे पाहताना हसण्यासाठी जन्मलेली ही कला शोकही करू शकते, हे प्रथमच कळून येते.

यात एक विसंगती होती. 1911 पासून मॅके हर्स्ट या बड्या वृत्तपत्रमालकाच्या नोकरीत होते आणि हर्स्ट युद्धात पडण्याच्या विरुद्ध होता. म्हणजे दिवसा मालकाच्या अग्रलेखांसाठी युद्धविरोधी चित्रे काढावयाची आणि रात्री घरी लुसिटानिया! पगार भरघोस होता, पण त्यापायी रंगभूमीवरील प्रयोगांवर प्रथम न्यूयॉर्कपुरती मर्यादा आली आणि पुढे ते जवळजवळ बंदच पडले. अग्रलेखांची ती चित्रे रेखाटणीच्या दृष्टीने अप्रतिम आहेत, परंतु विचार संपादकांचा, हात तेवढा मॅके यांचा. 1921 मध्ये स्वप्नांवरील तीन लहान चित्रपट झाले, त्यानंतर त्यांच्या हातून पडद्यासाठी पूर्णत्वास गेलेले असे काही उतरले नाही. आमच्या मते हे त्यांच्या आयुष्यातील खरे नुकसान. ब्रे यांच्या फिर्यादीने त्यांचे इतके काही गेले नव्हते.

1927 मध्ये न्यूयॉर्कच्या व्यंगचित्रपटकारांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन दिले. भाषणास उभे राहिल्यावर मॅके यांनी यजमानांस चांगलेच सुनावले. आपण ही कला म्हणून निर्माण केली आणि तुम्ही तिचा धंदा केलात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. मेजवानीतील मंडळी अवाक् झाली. बोल खरा होता, तरी तो पुरता न्याय्य होता असे म्हणवत नाही. मॅके यांची चूल वृत्तपत्राच्या पगारावर पेटत होती म्हणून एकेका चित्रपटास दोन दोन वर्षे देणे त्यांस परवडले. समोर बसलेल्यांस ठराविक मुदतीत नवी रीळ देऊन घर चालवावयाचे होते.

26 जुलै 1934 रोजी ब्रुकलिनमधील राहत्या घरी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इकडे पुण्यास प्रभात कंपनीत रघुनाथ केळकर यांनी 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट केला. मॅके यांची चित्रे मात्र दुर्लक्षित राहिली. ज्वालाग्राही फितीवरील कित्येक रिळे डब्यांतल्या डब्यांत सडून गेली आणि 1947 च्या सुमारास उरलेली हाती लागली, ती वाईट अवस्थेत. 1955 मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी दूरदर्शनवरील आपल्या कार्यक्रमात गर्टीचा प्रयोग पुन्हा उभा करून दाखविला. त्यासाठी चाबूक कसा धरावयाचा आणि फळ कोठे लपवावयाचे, हे सांगावयास त्यांनी रॉबर्टला, त्या लहानग्या नीमोला, बोलावून घेतले होते. गर्टीची मूळची हजारो चित्रे होती, त्यांतील काही शेकडा तेवढी आज शिल्लक आहेत. त्यांच्या कोपऱ्यांत फुल्यांच्या खुणा अजून दिसतात.